हिरवा ठिपका

कस्तुराबाई सुनेच्या खोलीत गेल्या त्या फक्त खिडकी लावायला. वारं सुटलं होतं आणि रस्त्यापलीकडच्या तुटलेल्या उसाच्या रानातली धूळ घरभर येत होती. "सायली, खिडकी तेवढी लावती गं," असं म्हणतच त्यांनी दार लोटलं.

खुर्ची रिकामी होती. लॅपटॉप चालू होता. आणि टेबलावरचा माउस आपला आपण हलत होता.

कस्तुराबाई जागीच थांबल्या. माउसखाली बशीएवढी एक काळी चकती होती. ती कुरकुर करत थोडी फिरायची, थांबायची, पुन्हा फिरायची. तिकडं पडद्यावर बाण पळायचा. लॅपटॉपच्या वरच्या कडेला, बरोबर मधोमध, सायलीची लाल टिकली चिकटवलेली होती. परसात उघडणारं मागचं दार नुसतं ओढून घेतलेलं होतं.

जेवण झाल्यावर सायली म्हणाली होती, "आई, माझी मीटिंग आहे. जरा कुणी आत येऊ नका." गेले कित्येक दिवस ती रोज हेच म्हणत होती.

कस्तुराबाईंना कॉम्प्युटर काही नवा नव्हता. त्यांचे यजमान मारुतराव पतसंस्थेच्या संचालक मंडळावर होते तेव्हा तळेगावात पहिला कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी गार हवेची वेगळी खोली केली होती आणि आत जाताना चपला बाहेर काढायला लागायच्या. नारळ कस्तुराबाईंनी स्वतःच्या हातानं वाढवला होता, आणि मागं उभे असलेले कारकून आपली नोकरी जाणार म्हणून तोंड पाडून होते. पुढं मुलगा रविराज शिकायला लागला तेव्हा घरात मोठं खोकं आलं. त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलं त्यांनीच. फ्लॉप्यांना कुणाचा हात लागू नये म्हणून तो त्या लाडवाच्या डब्यात ठेवायचा. मग फोनच्या तारेतून किंचाळत येणारं इंटरनेट आलं. ते सुरू असलं की घरचा फोन मुका. आणि आता तर त्या स्वतः मोबाइलशी मराठीत बोलून कांद्याचा भाव विचारायच्या, खुटबावच्या बहिणीचं तोंड बघत तासभर गप्पा मारायच्या. दर खेपेला यंत्र लहान होत गेलं आणि माणसाच्या जवळ येत गेलं. पण माणसाचा हात लागल्याशिवाय हललेलं मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"अवो, तिच्या खोलीत कुणीतरी लांबून मशीन चालवतंय," त्यांनी मारुतरावांना सांगितलं.

"आता सगळं लांबूनच चालतं," मारुतराव तोंडापुढचा पेपर न काढता म्हणाले. "पुण्यातली कंपनी, तिचं काम तळेगावात. मग?"

"आन् ती कुठं जाती मागच्या दारानं?"

मारुतरावांनी पेपरचं पान उलटलं, आणि रविराजला विचारायची सोय नव्हती. तो रांजणगावला कारखान्यात; पाळीवरून यायचा तो जेवून आडवा व्हायचा.

त्या दिवसापासून कस्तुराबाईंचं लक्ष कशातच लागेना. सायली दौंडची. रेल्वे स्टेशनाजवळ वाढलेली, चार माणसांत धीटपणे बोलणारी. लग्न ठरवताना त्यांना हाच धीटपणा आवडला होता. आता तोच खुपायला लागला. तिचा फोन अंगठा लावल्याशिवाय उघडत नाही, का? फोनवर बोलताना आवाज खाली घेते, का? आणि त्या यंत्राला टिकली कशाला? देवाची म्हणावी तर हळदकुंकू नाही, फूल नाही. त्या चहाचं निमित्त करून डोकवायच्या, चार्जर शोधायच्या, वाळलेले कपडे ठेवायला जायच्या. सायली चटकन वळून बघायची आणि पडद्यावरचं काहीतरी मिटवायची. निदान त्यांना तसं वाटायचं.

एका दुपारी त्यांनी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "मी पडती जरा," आणि परसातल्या न्हाणीच्या आडोशाला जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं मागचं दार उघडलं. सायलीनं डोक्यावरून ओढणी घेतली, इकडंतिकडं पाहिलं आणि बांधाबांधानं विहिरीकडं चालायला लागली. कस्तुराबाई मागोमाग. पायात काटा मोडला तरी त्या थांबल्या नाहीत. सायली पाण्याच्या मोटारीच्या खोलीत शिरली आणि तिनं दार आतून ओढून घेतलं.

खोलीच्या बाजूला मोटारसायकल उभी होती. शेजारच्या रोहिदासची. कस्तुराबाईंनी पदर खोचला. रविराजला काय सांगायचं, दौंडच्या व्याह्यांना कुणी फोन करायचा, सगळं त्यांच्या डोक्यात फिरून गेलं. बोलायची वाक्यं तोंडात गोळा झाली. त्यांनी सगळा जोर लावून दार ढकललं.

सायली खताच्या रिकाम्या गोण्यांवर झोपली होती. एकटीच. तोंड उघडं, एक चप्पल पायात, एक बाहेर. दाराच्या आवाजानंसुद्धा ती लगेच जागी झाली नाही. बाहेर लांब, रानाच्या पलीकडच्या कडेला, रोहिदास पाण्याचे पाइप बदलताना दिसत होता.

खोटं कशाला सांगा, तरीही कस्तुराबाईंनी स्टार्टरच्या पेटीमागं एकदा वाकून बघून घेतलंच.

"आई?" सायली दचकून उठली. "तुम्ही माझ्या मागं आलात?"

"येऊ न्हाई तर काय करू? मीटिंग म्हणून सांगती आन् हितं येऊन झोपती! आन् तिकडं ते मशीन कोण चालवतंय?"

सायली गोण्यांवरच बसून राहिली. मग सावकाश सांगायला लागली. विम्याचे कागद तपासायचं तिचं काम. ती जागेवर आहे की नाही हे कंपनीचा एक प्रोग्रॅम बघत असतो. तिच्या नावापुढं हिरवा ठिपका असतो. माउस हलला नाही की तो पिवळा होतो, आणि पिवळा झाला की फोन येतो, कुठं गेला होता? भाजी फोडणीला टाकायला उठलं तरी, बाथरूमला गेलं तरी. दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं, अक्षरं हलायला लागतात. म्हणून तिनं ती चकती मागवली. टिकली म्हणजे कॅमेऱ्यावरचं झाकण. मीटिंगपुरती काढायची, परत लावायची.

"अगं मग घरातच पडायचं. पलंग हाय, पंखा हाय."

"घरात तुम्ही असता," सायली म्हणाली.

कस्तुराबाई वाकून पायातला काटा काढायला लागल्या.

"तुम्ही चहा घेऊन येता, खिडकी लावायला येता. मी लोळलेली दिसले तर काय म्हणाल? पगार घेते आणि झोपते. तिकडून ते बघतात, इकडून तुम्ही. इथं कुणी बघत नाही."

गोळा केलेली वाक्यं कस्तुराबाईंच्या तोंडात तशीच राहिली. त्यांनी बाहेर पडलेली चप्पल उचलून सुनेच्या पायाजवळ ठेवली आणि आल्या वाटेनं घरी गेल्या.

पुढच्याच आठवड्यात कंपनीनं सायलीला पकडलं. माउस एकाच चालीनं फिरतोय, असा माणसाचा हात फिरत नाही, हे त्या प्रोग्रॅमनंच ओळखलं होतं. पुन्हा असं दिसलं तर काढून टाकू, असं सांगण्यात आलं. सायलीनं चकती कपाटात टाकली. तिचं जेवण कमी झालं. डोळे लाल दिसायला लागले. दुपारी ती खुर्चीतच डोकं मागं टेकायची, आणि हात मात्र माउसवर.

दोन-तीन दुपारी कस्तुराबाईंनी हे दारातून पाहिलं. मग आत आल्या आणि म्हणाल्या, "ऊठ. पलंगावर पड. काय फिरवायचंय ते मी फिरवती."

"तुम्हाला नाही जमणार, आई."

"माणसाचा हातच पायजे ना त्यास्नी? मग माझा काय लाकडाचा हाय?"

सायली हसली. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्यासमोर अशी मोकळी क्वचितच हसली होती. तिनं दाखवलं: नुसता फिरवायचा, काही दाबायचं नाही. कस्तुराबाई चष्मा लावून बसल्या. सुपात तांदूळ निवडताना बोटं फिरतात तसा, कधी इकडं कधी तिकडं, मध्येच थांबत, त्या बाण फिरवायला लागल्या. ठिपका हिरवाच राहिला. मागं सायलीचा श्वास जड झाला.

असे काही दिवस गेले. आणि एक दिवस पडद्यावर टणटण वाजायला लागलं. कस्तुराबाई गडबडल्या, माउस कुठंतरी दाबला गेला आणि एका पोराचं तोंड समोर आलं. दाढी वाढलेली, डोळ्याखाली काळं. सायलीचा टीम लीडर, हृतिक. त्याचं नाव त्यांनी फोनवर ऐकलं होतं.

"सायली, कॅमेरा ऑन करा. वरून चेकिंग आहे."

सायली गाढ झोपलेली. कस्तुराबाईंनी तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी नखानं टिकली काढली.

हृतिक मागं सरकला. "आपण कोण?"

"तिची सासू. ती झोपलीय. तुमच्यात जेवल्यावर माणसाला पडू देत न्हाईत का?"

"काकू, हे असं चालत नाही..."

"तू कवा झोपतो रे? तुझं डोळं बघ की."

हृतिकनं मान वळवून दाराकडं पाहिलं, मग आवाज खाली घेतला. "काकू, माझ्यावर पण प्रोग्रॅम आहे. तुमच्याशी बोलतोय हे पण कुठंतरी नोंद होत असेल. त्यांना उठवा. मी लाइन गेली होती असं सांगतो."

पडदा मोकळा झाला. तो खरं बोलला की आपल्याला गोड बोलून वर कळवणार, हे कस्तुराबाईंना ठरवता येईना. सायली उठल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. सायली आधी संतापली. "टिकली कशाला काढलीत? मला उठवायचं होतं!" मग दोघी मिळून पडद्याकडं बघत बसल्या, जणू तिथून हात बाहेर येणार होता.

हृतिकनं काही कळवलं नाही. पण महिना संपायच्या आत कंपनीनं नवीन सोय आणली. कॅमेरा दिवसभर चालू, आणि खुर्चीतलं तोंड सायलीचंच आहे का, हे कॉम्प्युटर आपण होऊन तपासणार. सायलीनं ते वाचलं, परसात जाऊन चूळ भरली आणि आत येऊन राजीनामा टाइप केला. रविराज कुरकुरला. मारुतराव म्हणाले, "तिचं डोळं हायत, तिला ठरवू दे." कस्तुराबाईंना वाटलं, आपण टिकली काढली नसती तर ही वेळ आली नसती. सायली म्हणाली, तसं काही नाही. पण कस्तुराबाईंनी तिच्या चेहऱ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

शिरूरला एका वकिलाच्या ऑफिसात तिला काम मिळालं. पगार कमी, जायला-यायला एसटी. तिथंही कॉम्प्युटरच, पण दुपारी डबा खायला चौघी एकत्र बसायच्या.

शेजारची चांगुणा एकदा कुंपणावरून म्हणाली, "सून रोज नटून जाती म्हणं शिरूरला. बघून ठिवा, बाई."

"कामाला जाती," कस्तुराबाई म्हणाल्या. "मी कशाला बघू?"

त्याच दिवशी एसटीला उशीर झाला. भाकरी झाल्या, कालवण गार झालं. फोन करावा असं कस्तुराबाईंना वाटलं, पण मग सायली म्हणेल, सारखं विचारता. शेवटी त्या चप्पल घालून चौकात गेल्या आणि रसाच्या गुऱ्हाळाशेजारी उभ्या राहिल्या. गाडी आली. सायली उतरली, सासूला पाहिलं आणि तिचा चेहरा ताठ झाला.

"आई, वाट बघत होता का पाळत ठेवत होता?"

कस्तुराबाईंनी खरंच विचार केला.

"दोन्ही," त्या म्हणाल्या.

सायलीनं खांद्यावरची पिशवी काढून सासूच्या हातात दिली, आणि दोघी घराकडं चालायला लागल्या.