रिकामी चौकट

भावोजींनी खोक्यातली सुरी काढली, मग खोकंही उचललं, तरी पडद्यावरचा उजळ डाग हलला नाही.

मेहुणा त्यांना भावोजी म्हणायचा, म्हणून सगळी प्रयोगशाळाच म्हणायची. बंद खोक्याच्या आतलं दाखवणारा हा कॅमेरा दोघांनी मिळून जुळवला होता. दुपारी खरेदीदार येणार होते. चित्र स्वच्छ नसेल तर काम दुसऱ्या कंपनीकडे जाणार आणि या खोलीला कुलूप लागणार.

भावोजींनी भिंग पुन्हा पुसलं. मेहुण्याच्या पाठीकडे पाहिलं. भावोजींची बायको, म्हणजे त्याची बहीण, वारल्यापासून तो कामापुरतंच बोलायचा. परवा त्याच दुसऱ्या कंपनीच्या माणसाबरोबर चहा पिताना दिसला होता. मोडता घालायचा तर आजच्यासारखा दिवस नाही.

असे इतर कॅमेरे थंड ठेवावे लागत; या कॅमेऱ्याला गारवा लागत नव्हता, हीच त्याची मिजास. पण त्यामुळे खोलीची ऊबही चित्रात शिरायची. म्हणून सकाळी समोर काहीही न ठेवता एक चित्र घ्यायचं, ती रिकामी चौकट. पुढच्या प्रत्येक चित्रातून कॅमेरा ते वजा करी. तेव्हा समोर काही राहिलं, तर नवी चौकट घेईपर्यंत त्याचं भूत पडद्यावर.

“रिकामी चौकट आज कोणी घेतली?”

“मीच.”

“रिकामी होती?”

मेहुणा आधीच घट्ट असलेला स्क्रू आवळत राहिला.

भावोजींनी डाग मोठा केला. दोन गोल, मधे तार, एक काडी वाकडी. ते उठून आपल्या कपाटाशी गेले. इस्पितळाने दिलेलं बायकोच्या वस्तूंचं चिकटबंद पाकीट आतच होतं, पण उलटं.

“कपाटाला हात लावलास.”

“फोडलं नाही, भावोजी. कॅमेऱ्यासमोर टेकवलं फक्त. आणि सवयीने बटण दाबलं गेलं.”

मग तो अडखळत बोलला. ताईला इस्पितळात चष्म्याशिवायच नेलं, शेवटी तिला कुणाचं तोंडही दिसलं नाही, असं घरात बोलत होते. त्यालाही ते पटलं होतं. इस्पितळात तो स्वतः फिरकला नव्हता, चौकशी फोनवरच. पाकिटात चष्मा आहे का, तेवढंच त्याला पाहायचं होतं.

“म्हणजे दिसत होतं तिला?”

“दिसत होतं. दार उघडलं की आधी चष्मा लावायची.”

मेहुण्याने कॅमेऱ्यासमोरून हात फिरवला, काही राहिलं नाही ना ते पाहायला. पुन्हा फिरवला. बाहेर पाहुण्यांची पावलं वाजली. त्याचं बोट बटणावर जाऊन तिथेच थांबलं.

भावोजींनी त्यावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं.