बाप पुरला ती जागा

रानातल्या लॉजवर पाऊल टाकल्या टाकल्या गेझानीची पंचाईत झाली. व्हरांड्यातल्या मऊ खुर्चीत त्याला बसवलं, आणि सरबताचा ट्रे घेऊन आली कोण, तर त्याच्या शेजाऱ्याची मुलगी तियानी! गावात ही त्याला पाण्याचा पेला द्यायची तो गुडघे टेकून. इथं अंगावर कडक इस्त्रीचे कपडे. तिनं सवयीनं गुडघा वाकवला, मॅनेजरबाई बघतायत हे ध्यानात येताच सरळ झाली, मग लाज वाटून पुन्हा वाकली. ट्रे कलंडला. गेझानी सावरायला उठला तर ती घाबरली.

"काका, बसा ना! पाहुणे आहात तुम्ही."

"पाहुणा? अगं, माझा जन्म इथला!"

"ते खरं हो. पण आज पाहुणे आहात."

शेजारच्या खुर्चीतून त्याची थोरली बहीण सासावोना म्हणाली, "पी गुमान. पोरीची नोकरी घालवशील."

गोष्ट अशी होती की, ही मंडळी लहान असताना गोऱ्यांच्या सरकारनं सगळं गाव उठवून दूर नेऊन टाकलं, आणि या रानाला कुंपण पडलं. पुढं यांच्या म्हातारपणी कोर्टानं जमीन गावाला परत दिली. पण लॉज तिथंच राहिलं, जनावरं तिथंच राहिली आणि गावाला भाडं यायला लागलं. वर्षातून एकदा गावातल्या दोन जुन्या माणसांना लॉज पाहुणे म्हणून बोलवायचं. यंदा पाळी या भावंडांची होती.

त्यांना ना सिंह बघायचा होता, ना मऊ गादीवर लोळायचं होतं. त्यांच्या बापाची कबर या रानात होती. गाव उठायच्या आदल्या वर्षी तो गेला होता. सासावोनाच्या पिशवीत तपकिरीची डबी होती आणि घरी गाळलेल्या मारुल्याच्या फळांच्या दारूची बाटली होती. बापाला हाक मारायची, घोटभर पाजायचं, एवढंच काम.

भांडण होतं ते जागेवरून. गेझानी म्हणायचा, वारुळावरच्या मोठ्या झाडाखाली. आईनं त्याला तसंच सांगितलं होतं. सासावोना म्हणायची, तीन सपाट खडकांपाशी.

"मी माती लोटलीय माझ्या हातांनी," ती म्हणायची. "तू तर शेजाऱ्यांकडं भुईमूग खात बसला होतास."

"आई खोटं बोलेल का?"

"आई तुला गप्प करायला काहीही सांगायची."

दुपार कलल्यावर दोघं उघड्या जीपमध्ये बसले. मागच्या बाकावर एक जर्मन जोडपं, गळ्यात दुर्बिणी. गाडी चालवायला रुलानी, गावातलाच, आता या रानाचा वाटाड्या.

"कोकवाना, तुम्ही वाट सांगा," तो अदबीनं सासावोनाला म्हणाला. आजीला आमच्याकडं कोकवाना म्हणतात. "माझा रस्ता आज तुमच्या हातात."

पण वाट सांगायची कशी? जिथं ज्वारीची शेतं होती तिथं काटेरी झुडपं माजली होती. ओढा उजव्या हाताला हवा होता, तो डावीकडं निघाला. गेझानी बोट दाखवी पूर्वेला, बहीण पश्चिमेला, आणि रुलानी मधूनच गाडी घाली. जर्मन बाईला वाटलं, म्हातारा-म्हातारीला बिबट्या दिसलाय. ती दुर्बीण घेऊन कधी इकडं बघे, कधी तिकडं.

अखेर खडक सापडले. तीन, सपाट, एकमेकांना टेकलेले. गेझानीचं तोंड पडलं. आता ही जन्मभर ऐकवणार! रुलानीनं आजूबाजूला नीट पाहून दोघांना उतरवलं.

सासावोना खडकांभोवती फिरली. एकावर हात ठेवला, काढला. परत फिरली. मग तशीच उभी राहिली.

"काय झालं ताई?"

"हे नाहीत रे."

"अगं, तीन आहेत की! सपाट आहेत!"

"आहेत. पण मला काहीच वाटत नाहीये." ती भावाकडं वळली. "गेझा, खडक होते ना रे? की मी हे नंतर कधीतरी मनातच घडवलं?"

इतकी वर्षं तिला हरवायची वाट बघत होता तो. आता जिंकायची वेळ आली, तर पायाखालची जमीनच सरकली. बहिणीला आठवत नसेल, तर कुणाला आठवणार? "होते, होते," तो उगाच म्हणाला. "तूच सांगितलंस ना!"

मग त्याचं वारूळ शोधायचं ठरलं. पण ओढ्याच्या वळणावळणाला वारूळ, आणि वारुळावारुळावर झाड! तो दर वेळी "हेच!" म्हणे आणि पुढचं दिसलं की गप्प होई. शेवटच्या वारुळावर तर सिंहिणी पसरल्या होत्या, पोटं भरून. जर्मन जोडपं हरखून गेलं. कॅमेरे कचाकच वाजू लागले. भावंडं त्या सिंहिणींकडं बघत बसली. उतरायचा प्रश्नच नव्हता. आणि उतरून तरी जागा कुठं ओळखू येणार होती?

"हे असेल का रे?" सासावोनानं विचारलं.

"असेलही. नसेलही."

दिवस मावळायला आला तसा रुलानीनं कोरड्या नदीच्या वाळूत गाडी थांबवली. पाहुण्यांसाठी पेले मांडले, वाळवलेलं मांस काढलं. सासावोना गाडीतून उतरली, थोडी पुढं गेली आणि वाळूत बसली.

"ये इकडं. इथंच करू."

"इथं? इथं तर कुणालाच पुरलं नाही."

"पावसाचं पाणी खडकांवरून येऊ दे नाहीतर तुझ्या वारुळावरून, येतं इथंच. बस."

ती तपकीर वाळूवर सांडत म्हणाली, "बाबा, आम्ही आलोय. तुम्ही कुठं आहात ते आम्हाला उमगत नाहीये. तुम्हीच आम्हाला शोधा." गेझानीनं दारू ओतली. वाळूनं ती लगेच पिऊन टाकली. आपल्याला रडू येतंय की नुसतं दमलोय, हे त्याला समजेना. मागं वळून पाहिलं तर जर्मन नवरा टोपी काढून उभा, आणि बाई हातातला वाईननं भरलेला पेला प्यावा की ठेवावा या विचारात. सासावोनानं तिला खुणेनं सांगितलं, ओत. बाईनं थोडी ओतली आणि उरलेली पिऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी गावच्या फाटकाशी नातेवाईक गोळा झाले होते. "सापडली का जागा?"

"सापडली," गेझानी म्हणाला.

"नाही," सासावोना त्याच क्षणी म्हणाली.

लोक एकमेकांकडं बघू लागले. दोघं मात्र पिशव्या उचलून आपापल्या घराकडं चालू लागले.