डबा परत आला

“हे झाकण धड बसतच नाही,” माझ्या मागे उभे राहून हे डब्याशीच पुटपुटत होते. झाकणाचा काही दोष नव्हता. सकाळी भरून दिलेला डबा तसाच्या तसा परत आला होता, एवढंच की मेट्रोत हिंदकळून पोळ्या वर आल्या होत्या.

तिसरा दिवस.

हे परराष्ट्र खात्यात भाषांतर करतात. इंग्रजीतली निवेदनं, सूचना, सगळं हिंदीत घालायचं. एकोणतीस वर्षं झाली. ऑफिसातलं घरी बोलायचं नाही, हे त्यांनी लग्नाआधीच सांगून टाकलं होतं आणि पाळलंही. मी दहावीपर्यंत शिकलेली. जगाचं राजकारण मला कळतं ते डब्यावरून. भाजी अर्धी उरली, तर कुठेतरी बोलणी फिसकटली. डबा सगळाच परत आला, की आपली माणसं कुठेतरी अडकणार.

या वेळी ती माणसं कोण, तेही मला ठाऊक होतं. समोरच्या दारातल्या विलासराव आणि विजयालक्ष्मीची अक्षया तिकडे डॉक्टरकी शिकते. देशाचं नाव लिहीत नाही. दर दोन वर्षांनी देश बदलतो, काळजी तीच राहते. त्या देशाच्या शेजाऱ्यांनी सीमेवर रणगाडे आणून उभे केलेत. विमानं अजून सुटताहेत. पण अक्षयाची शेवटची परीक्षा वीस तारखेला, आणि आत्ता निघाली तर वर्ष गेलं.

संध्याकाळी दोघं आलीच, बातम्या बघायला. टीव्ही त्यांचा आमच्यापेक्षा मोठा आहे, पण आमच्या सोफ्यावर खात्यातला माणूस बसतो ना. विलासराव रेल्वेत. इतकी वर्षं रेल्वेत काढूनही वेळापत्रकावर विश्वास असलेला मी पाहिलेला एकमेव माणूस. ते सांगत होते की पूर्वीचे दिवस गेले, आता आपल्या सरकारचा फोन गेला की दोन्हीकडचे उचलतात, आणि मुलांना आणायला विमान जातं म्हणजे जातंच, मागे नाही का गेलं. बिल्कुल काळजी नाही, असं त्यांनी दोनदा म्हटलं. विजयालक्ष्मी ओढणीने फोनची काच पुसत होती. ती आल्यापासून पुसत होती.

हे “हं” म्हणाले. मग दर वेळी हिंदीत घालतात तेच वाक्य त्यांनी मराठीत सांगितलं, की परिस्थितीवर बारीक लक्ष आहे.

“म्हणजे राहू दे ना तिला तिथे?” विजयालक्ष्मीने विचारलं. प्रश्न यांना होता, बघत होती ती माझ्याकडे.

मी आत गेले, डबा घेऊन आले आणि चहाच्या कपांमध्ये जागा करून ठेवला. झाकण काढलं. चार पोळ्या, गवारीची भाजी, लोणच्याची फोड. आज तिसऱ्यांदा असा आलाय, एवढंच मी म्हटलं. न बोलायचा नियम यांचा होता, माझा नव्हता.

“वहिनी, गवार मलाही नाही आवडत यार,” विलासराव हसत म्हणाले. मग त्यांनी यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू तिथेच राहिलं.

टीव्हीवर कोणीतरी आपल्या देशाचं वजन किती वाढलंय ते ओरडून सांगत होता. यांनी रिमोट उचलून त्याचा आवाज बंद केला. हात लांब करून डब्याला झाकण लावलं. पहिल्याच खेपेला बसलं.

“विलासराव,” हे म्हणाले, “विमान येईल असं धरून बसू नका. फोन उचलतात, ते खरं आहे. उचलतात आणि बघू म्हणतात. आपल्यासाठी कोणी थांबणार नाहीये तिथे. पोरीला उद्याच बोलावून घ्या.”