श्वासाचा हट्टी मापाडी

मित्रांनो, मी एक जुना मापाडी आहे. धान्याचा नव्हे, श्वासाचा. जुना आहे हे मी स्वतः सांगतो. इतरांनी सांगितलेलं मला खपत नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट दवाखान्याच्या तळमजल्यावर आलो. माझं काम सोपं आहे. माणसाने छाती रिकामी करायची, माझ्या नळीतून खास हवा छातीभर ओढायची, दहा अंक मोजेपर्यंत कोंडून धरायची आणि सोडायची. त्या हवेत एका वायूचा अगदी किंचित अंश असतो. त्यातला किती फुप्फुसांतून रक्तात उतरला, ते मी सांगतो. पूर्वी पाहुण्यांना मला मुद्दाम दाखवत. पुढे शेजारी चकचकीत यंत्रं आली आणि लोक माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले. असो.

एका सोमवारी अग्निशमन दलातली एक बंबवाली आली, सोबत तिची आई. शिडी चढताना हल्ली तिला धाप लागत होती. आकडा घसरला तर बंबावरचं काम सुटणार आणि ऑफिसातली खुर्ची नशिबी येणार.

"मला खुर्चीत बसवलंत तर खुर्चीच पेटवीन," ती म्हणाली.

"लहानपणापासून अशीच आहे हो," आई डॉक्टरांना म्हणाली.

नळी तोंडात देण्याआधी प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचून रक्त तपासायचं, ही आमच्या खोलीची रीत. डॉक्टर हसले. "हिला काय टोचायचं? पाण्याचा पाइप खांद्यावर घेऊन माडी चढते ही!"

तिने श्वास कोंडला, सोडला. आकडा खाली आला. पुन्हा केलं, पुन्हा तोच. छातीचा फोटो स्वच्छ, फुंकर दणदणीत. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे खटारं म्हातारं झालंय. भंगारात काढा."

मित्रांनो, मला घाम फुटत नाही, नाहीतर रागाने फुटला असता. मी आकडा तिथेच ठेवला. तसूभरही हललो नाही.

मी ताळ्यावर आहे ना, हे पाहायला डॉक्टर दर सोमवारी स्वतः माझ्यात श्वास सोडत. आज तर मला खोटं पाडायचंच म्हणून ते तावातावाने बसले. गाल फुगले, कान लाल झाले. आकडा आला नेहमीचाच.

"तुमचा बरोबर येतोय," आई म्हणाली, "मग माझ्या मुलीशीच याचं काय वाकडं?"

डॉक्टर स्वतःच उठून सुई घेऊन आले. "बोट द्या. हे मी आधीच करायला हवं होतं."

रक्त फारच फिकं निघालं, हिमोग्लोबिन कमी. डॉक्टरांनी ती कमतरता धरून हिशेब पुन्हा मांडला आणि त्यांचा चेहरा खुलला. "फुप्फुसं ठणठणीत आहेत! माल दारात येतोय, उचलायला रक्तातले हमालच कमी पडताहेत."

"म्हणजे बंब?"

"आधी औषध आणि रजा. रक्त भरलं की बंब."

"जेवते कुठे वेळेवर!" आई कडाडली. "घंटा वाजली की ताट टाकून पळते."

माझी माफी कोणी मागितली नाही. मीही वाट पाहिली नाही. माझं मागणं एवढंच आहे: नळी स्वच्छ ठेवा, गाळणी वेळेवर बदला, आणि आकडा आवडला नाही तर मला शिव्या घालण्याआधी आपलं काय राहून गेलं ते बघा. तरीही भंगारात टाकणार असाल तर खुशाल टाका. जाता जाताही बरोबरच मोजीन.