माझे पोचे काढू नका

मित्रांनो, बसा. माझ्यावर नको, खाली बसा. मी एक जुनी, लोखंडी, घडीची खुर्ची आहे आणि माझ्यावर बसण्याचा मान एकाच पाठीचा आहे. तो तिने कसा कमावला, ते सांगते.

माझा जन्म याच उपनगरातल्या खुर्च्यांच्या कारखान्यात झाला. माझ्या बहिणी शाळांत आणि दवाखान्यांत गेल्या. जन्मभर त्यांनी लोकांच्या पाठी स्वतःवर टेकवून घेतल्या. मी मात्र पाठींवर आपटले गेले. आमच्या घराण्याचे नाव एवढे कुणीच काढले नाही.

आमचे उपनगर तसे झोपाळू. पण दर शनिवारी सभागृहात दोर ताणून रिंगण उभे राही आणि तिकिटाची कुस्ती होई. या कुस्तीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते. कोणाला लागणार हे मात्र ठरवता येत नाही, म्हणून ती सोपी समजू नका.

आमचा खलनायक होता कर्दनकाळ आणि नायक होता श्वेतगरुड. जाहिरातीत ते सात जन्मांचे वैरी होते. प्रत्यक्षात ते सख्खे साडू होते. कर्दनकाळाचे लहान मुलांच्या बुटांचे दुकान होते. जी पोरे शनिवारी "हाणा त्याला" म्हणून घसा फोडत, तीच सोमवारी त्याच्यापुढे पाऊल करून म्हणत, "काका, अंगठ्याला चावतोय हो."

वैरी एका ताटात जेवताना दिसले, तर तिकीट कोण काढणार? म्हणून गरुड साडूच्या घरी मागच्या दाराने, न्हाणीघराला वळसा घालून येई. हे अख्ख्या उपनगराला ठाऊक होते आणि कुणीही बाहेर बोलत नसे. एकदा शहरातल्या एका पत्रकाराने न्हाव्याला विचारले, "कर्दनकाळ राहतो कुठे?"

"गुहेत असेल."

"कुठली गुहा?"

"ते विचारायची हिंमत झाली नाही बुवा."

आता माझ्या कामाबद्दल. कर्दनकाळ मला रिंगणाखालून ओढून काढी, गरुडावर उगारी, गरुड मला हिसकावून घेई आणि त्याच्याच पाठीत घाली. दर शनिवारी हेच. तरी पुढच्या शनिवारी तो मलाच घेऊन येई. लोक म्हणत, त्याला अक्कल नाही. मी म्हणते, निष्ठा होती. माझा पत्रा पातळ होता. आवाज भांड्यांचे कपाट कोसळल्यासारखा येई आणि मार जेमतेम उशीचा बसे. असा गुण अंगात असावा लागतो. प्रत्येक फटक्याबरोबर माझ्यावर एक पोचा येई, आणि मी तो पदकासारखा मिरवी.

मग शहरातले मोठे आयोजक सामना पाहायला येणार असे कळले. सामना आवडला, तर दोघांना शहरातले रिंगण मिळणार होते. साडूपणा कळला, तर आहे तेही जाणार होते. सभागृहाच्या व्यवस्थापकाला माझी लाज वाटली. "पाहुण्यांपुढे ही चेचलेली खुर्ची? आपली काही अब्रू आहे की नाही?" असे म्हणत त्याने मला पडद्याआड टेकवले आणि रिंगणाखाली नवी, जाड, जड खुर्ची ठेवली. कुणाला सांगितले नाही. त्याला वाटले, खुर्ची म्हणजे खुर्ची.

मी पडद्याआडून सगळे पाहिले. गरुडाने सवयीच्या जोराने फटका मारला. आवाज आला नुसता "थप्". कर्दनकाळ पडला आणि विव्हळला नाही. एरवी तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल इतका विव्हळत असे. गरुडाच्या हातातून खुर्ची गळाली. तो गुडघ्यावर बसला आणि भरल्या सभागृहात म्हणाला, "भाऊजी, लागलं का हो?"

पहिल्या रांगेतला आयोजक वळून म्हणाला, "भाऊजी?"

तेव्हा तिसऱ्या रांगेत विणत बसलेल्या एक आजी उठल्या. त्या दोघांच्याही सासूबाई. "तो सगळ्यांनाच भाऊजी म्हणतो," त्या म्हणाल्या. "परवा मलाही म्हणाला."

"मलाही म्हणतो," न्हावी म्हणाला. मागून पोस्टमन म्हणाला, "आमच्या बायकोलासुद्धा." मग अख्खे सभागृह आपापले भाऊजीपण सांगू लागले.

सासूबाईंनी सुई रोखली. "आणि तू बसलास काय? हाण की!"

सासूचा शब्द मोडायची गरुडाची टाप नव्हती.

"जरा बेताने," कर्दनकाळ पालथा पडल्या पडल्या पुटपुटला. "पाठ आखडलीय."

आयोजकांनी शहरात जाहिरात लावली: 'वैऱ्यालाही भाऊजी म्हणणारा शिष्टाचारी गरुड'. दोघे शहरात गाजले, पण जाताना त्यांनी एक अट घातली: खुर्ची आमची आम्ही आणू. ती खुर्ची म्हणजे मी. बसमध्ये मला खिडकीजवळची जागा असे.

पुढे घरोघरी टीव्ही आले आणि रिंगण गुंडाळले गेले. मी सभागृहाच्या अडगळीत वर्षानुवर्षे पडून राहिले. परवा सगळ्या खुर्च्या ठोकूनठाकून रंगवायचे ठरले. पत्रे ठोकणारा कारागीर हातोडी घेऊन माझ्यापाशी आला, त्याच वेळी दोन म्हातारे आत शिरले. कर्दनकाळाची पाठ त्या "थप्" पासून कुठेच टेकत नव्हती, म्हणून साडू त्याला दुकानासाठी खुर्ची बघायला घेऊन आला होता. त्याने एकेक खुर्ची बसून पाहिली, कण्हला आणि उठला. शेवटी माझ्यावर बसला.

त्याची पाठ माझ्या पोच्यांत अशी बसली, जशी पोरांची पावले त्याच्या दुकानातल्या बुटांत बसत.

"टेकली," तो म्हणाला.

"टेकणारच," गरुड म्हणाला. "मापाने ठोकलीय."

"काका, पोचे काढू ना?" कारागिराने विचारले.

"काढून बघ," कर्दनकाळ त्याच्या रिंगणातल्या आवाजात म्हणाला. लहानपणी या आवाजाला घाबरून बाकाखाली लपणाऱ्या कारागिराने हातोडी खाली ठेवली.

मित्रांनो, जुन्या वस्तूचा पोचा ठोकण्याआधी तो कुणाच्या पाठीचा आहे, हे एकदा विचारत जा. माझे आता बरे चालले आहे. मी बुटांच्या दुकानात असते. रोज दुपारी गरुड येतो, पुढच्या दाराने. अनोळखी गिऱ्हाईक आत आले, की दोघे सवयीने एकमेकांवर डोळे वटारतात. ते गेले, की गरुड हळूच विचारतो, "भाऊजी, पाठ बरी आहे ना?"