दुकानात दादा एकटाच आहे

किल्लीवाल्यांना सुट्टीवर न्यायचं म्हणजे गंजलेलं कुलूप उघडण्यातला प्रकार होता. त्यांच्या बायकोने, जिला सगळी गल्ली ताई म्हणते तिने, महिनाभर तेल घालून घालून ते एकदाचं उघडलं.

गल्लीच्या तोंडाशी दोघा भावांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान. थोरला दादा कानस चालवायचा, धाकटे किल्लीवाले गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. एकाला बोलायचा कंटाळा, दुसऱ्याला गप्प बसायचा, त्यामुळे दुकान झकास चाललं. मग हिवाळ्यात एका सकाळी दादा कानस हातात असतानाच खाली बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून किल्लीवाले दादाच्या रिकाम्या स्टुलाकडे पाठ करून बसत. घरी येऊन जेवत, पण काय जेवले ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"डोंगरात जाऊ," ताई म्हणाली. "चालू, सायकली चालवू, तिथं पिकतं ते खाऊ."

"या वयात सायकल? गुडघे बोलायला लागतील."

"बोलू देत. घरात कोणीतरी बोलेल."

डोंगराच्या पायथ्याशी एका शेतातल्या घरात त्यांना खोली मिळाली. घरमालकीण उंचीपुरी, खणखणीत आवाजाची बाई. आपल्या वाफ्यात आणि गोठ्यात जे असेल त्याशिवाय ताटात काही वाढायची नाही. उन्हात पिकलेले टोमॅटो, सकाळची अंडी, बकरीच्या दुधाचं चीज, भट्टीतून काढलेला चटका देणारा पाव. पहिल्या दिवशी रानातून टेकडीच्या माथ्यापर्यंत चालून आल्यावर किल्लीवाल्यांनी पाव पुन्हा मागितला. ताईने मान खाली घालून उगाचच ताटातले कण वेचले. कितीतरी महिन्यांनी या माणसाला भूक लागली होती.

चालण्याने पाय मोकळे झाल्यावर त्यांनी घरमालकिणीच्याच सायकली घेतल्या आणि वरच्या डोहाकडे निघाले. चढ असा की जीव मेटाकुटीला यावा. किल्लीवाले लालबुंद होऊन, शिव्या देत, पण चढले. वर पोचल्यावर कपडे काठावर टाकून त्यांनी त्या बर्फासारख्या पाण्यात सरळ उडी घेतली. "अहो, घाम तरी जिरू द्या!" ताई ओरडली. ते वर आले, हसले, काठावर येऊन अंग पुसू लागले. मग हात थांबला.

"अगं, आपण इथे कसे आलो?"

"उडत," ताई म्हणाली. नवऱ्याची चेष्टा तिला नवी नव्हती.

"या सायकली कोणाच्या?"

"पुरे आता. पाव खा."

त्यांनी पाव हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला. "आपण इथे कसे आलो?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि आवाजात चेष्टेचा मागमूस नव्हता.  ताईने त्यांना स्वतःचं नाव विचारलं, ते त्यांनी बरोबर सांगितलं. मुलीचं, जावयाचं, गल्लीचं, सगळं बरोबर. मग ते एकदम उठले.

"चल लवकर. दुकानात दादा एकटाच आहे. त्याला जेवायला कोण सोडणार?"

ताईच्या तोंडून निघून गेलं, "अहो, दादा गेले ना. हिवाळ्यात."

तो चेहरा तिने एकदा पाहिला होता, दवाखान्याच्या दारात. तोच चेहरा आता, भर उन्हात, पुन्हा तसाच फाटला. "कधी? मला कोणी का नाही सांगितलं?" किल्लीवाले मटकन दगडावर बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. ताईने त्यांना पोटाशी धरलं. हळूहळू हुंदके थांबले. त्यांनी मान वर केली, गाल चाचपले.

"हे पाणी कसलं? आणि या सायकली कोणाच्या?"

फोनला रेंज नव्हती. आसपास चिटपाखरू नव्हतं. त्यांना सायकलवर बसवायची तिची छाती होईना, म्हणून सायकली तिथेच टाकून ती त्यांचा हात धरून उताराला लागली. पहिल्या वळणापर्यंतही पोचले नसतील, तर पुन्हा, "दुकानात दादा एकटाच आहे." ती काही बोललीच नाही. "अगं, तू बोलत का नाहीस? दादा बरा आहे ना?" लग्नापासून ती या माणसाशी कधी खोटं बोलली नव्हती. तिने खरं सांगितलं. तो माणूस पुन्हा रस्त्याच्या कडेला बसला, पुन्हा तितकाच रडला. जखमेवर खपली धरतच नव्हती, दरवेळी ताजी. मग त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. "बरे आहेत दादा," ती म्हणाली, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरमालकिणीने त्यांना लांबून पाहिलं आणि काय ते समजून टेम्पोच बाहेर काढला. तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसले. रस्त्यावर रेंज आली तसा किल्लीवाल्यांच्या खिशातला फोन टुणटुणला.

"बरं झालं. दादाला सांगतो, उशीर होईल म्हणून."

ताईने हात पुढे केला, पण नंबर लागला होता. दादाचा फोन आता तिची जाऊ वापरायची. किल्लीवाल्यांना फोन नेहमी स्पीकरवर टाकायची सवय.

"हॅलो? बोला, भाऊजी."

"वहिनी, दादाला द्या जरा."

 टेम्पोचं इंजिन तेवढं घरघरत होतं. ताई पुढे झुकून म्हणाली, "वहिनी, यांना बरं नाहीये. काही आठवत नाहीये यांना. डॉक्टरकडे नेतेय."

"मला काय धाड भरलीय?" किल्लीवाले उखडले. "वहिनी, द्या ना दादाला."

मग वहिनीचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. "अंघोळीला गेलेत, भाऊजी. आले की सांगते."

"एवढ्या दुपारी अंघोळ? मजा आहे बुवा थोरल्याची!" किल्लीवाले खदखदून हसले. ताईने समोरच्या काचेकडे तोंड वळवलं. घरमालकीण रस्त्यावरून नजर न हलवता एका हाताने ताईचा गुडघा दाबून बसली.

डॉक्टर तरुण होती. तिने हातपाय, डोळे, बोलणं सगळं तपासलं, मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटोही काढून घेतला. अर्धांगाचा झटका नव्हता. "दमल्यावर गार पाण्यात उडी घेतली की कधीकधी असं होतं," ती म्हणाली. "बहुतेक उतरेल. आपण काही करायचं नाही, थांबायचं."

"आणि तोवर विचारत राहिले तर?"

"तुम्हाला झेपेल ते सांगा."

ताई थांबली. दादाला तिने अंघोळीला पाठवलं, बाजारात पाठवलं, दुकानाच्या मागच्या खोलीत निजवलं. दरवेळी किल्लीवाले निश्चिंत होऊन मान हलवत, आणि दरवेळी ती मनात म्हणे, आता पुरे, देवा. उन्हं कलली तसे प्रश्न विरळ झाले. मग ते बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "दादा नाही ना गं?"

"नाही," ताई म्हणाली. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी ते ठणठणीत होते. फक्त चढ सुरू झाल्यापासून दवाखान्यातल्या छतापर्यंत सगळं कोरं. न्याहारीला बसले होते तेव्हा वहिनीचा फोन आला. त्यांनीच उचलला, आणि कधी नव्हे तो कानाला लावून नुसतं ऐकलं. "बरं, वहिनी," एवढंच म्हणून खाली ठेवला.

"मी काल दादाला फोन केला होता?"

"हो."

"आणि वहिनी म्हणाल्या, अंघोळीला गेलाय."

"हो."

"त्या म्हणतात, बोलून गेल्यावर त्यांनी खरंच न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं." किल्लीवाल्यांनी पावाचा तुकडा मोडला, तसाच ठेवला. "आणि मी? मी काय म्हणालो?"

"हसलात. म्हणालात, मजा आहे थोरल्याची."

"खरंच वाटलं मला, तो आहे म्हणून?"

"खरंच."

बराच वेळ त्यांनी चिमटीने टेबलावरचे कण गोळा केले. "एवढं सगळं विसरलो ते विसरलो," ते शेवटी म्हणाले, "तेवढं तरी आठवायला हवं होतं गं."

तिच्यापाशी ते होतं, सगळंच्या सगळं. देता आलं असतं तर तिने कधीच दिलं असतं. तिने त्यांच्या कपात चहा ओतला, आणि थोडा सांडला तो पदराने पुसला.