जाम इंजिन आणि जावई

सासरेबुवांचा जगात कोणावरच विश्वास नव्हता, आणि जावयावर तर त्याहूनही कमी. "गोगलगाय आणि पोटात पाय," असं ते लग्नातच म्हणाले होते. पुढे इतकी वर्षं गेली तरी त्यांनी मत बदललं नाही. एवढ्या वर्षांत जो माणूस एकदाही भांडत नाही, तो आतून काहीतरी शिजवत असणारच.

आणि आता हाच जावई त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये, त्यांच्याच व्हॅनच्या तोंडात डोकं खुपसून उभा होता. सासरेबुवा त्या व्हॅनमधून लोकांची बिऱ्हाडं हलवायचे. मधे कंबरेच्या दुखण्याने अंथरूण धरलं, आणि उभ्या उभ्या गाडीचे पिस्टन गंजून जाम झाले. मुलीने सरळ सांगून टाकलं होतं, "रविवारपर्यंत इंजिन सुटलं तर ठीक. नाहीतर गाडी भंगारात, आणि तुम्ही आमच्याकडे राहायला." म्हणजे खिडकीपाशी एक खुर्ची, आणि मुलगी देईल तेव्हा चहा.

जावयाचा धंदा शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचा. त्याने स्पार्क प्लग काढले, भोकांतून पिस्टनवर गंज सोडवणारं तेल ओतलं आणि हात पुसले. मग रोज संध्याकाळी यायचा, इंजिनाच्या पुढच्या बोल्टला पाना लावून जरासा दाब द्यायचा, थोडं मागे, थोडं पुढे, आणि म्हणायचा, "अजून नाही, बाबा. मुरू द्या."

"मुरू द्या, मुरू द्या! इथे भलतंच पाणी मुरतंय," सासरेबुवा मनात म्हणायचे. गाडी गेली की धंदा गेला, धंदा गेला की म्हातारा आपल्या दारात, आणि मग हे घर विकायला मोकळं. हिशेब अगदी सरळ होता. त्यांनी तेलाचा डबा हुंगून पाहिला. जावई हात धुवायला गेला की त्याची पिशवीही चाचपली. तिच्यात जेवणाचा डबा आणि छत्री निघाली, तेव्हा तर संशय आणखीच वाढला. इतकी साधी पिशवी कोणी उगाच बाळगतं का?

शनिवारी दुपारी त्यांचा धीर सुटला. त्यांनी बोल्टला पाना लावला, जोर वाढावा म्हणून पान्याच्या दांड्यावर नळाचा लांब पाइप चढवला आणि दुखऱ्या कंबरेची पर्वा न करता अंग टाकलं. कट्ट! बोल्टचं डोकं तुटून जमिनीवर पडलं. सासरेबुवांनी इकडेतिकडे पाहिलं, घरात गेले आणि पेपर उघडून बसले. पेपर उलटा होता.

संध्याकाळी मुलगी आणि जावई आले. जावयाने वाकून पाहिलं. तुटका बोल्ट पाहिला, पान्यावरचा पाइप पाहिला, आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या सासऱ्यांकडेही पाहिलं.

"बोल्ट तुटला," तो बायकोला म्हणाला. "काल माझ्याकडून जोर जास्त लागला."

"झालं! हात दाखवून अवलक्षण," मुलगी कडाडली. "जमत नव्हतं तर शिवणयंत्रं सोडून इकडे आलात कशाला? उद्या कशाला, भंगारवाल्याला आत्ताच बोलावते." तिने फोन काढला.

सासरेबुवांना आधी हायसं वाटलं. मग लगेच वाटलं, यात याचा काय डाव? त्यांनी उलटसुलट विचार केला. याला गाडी भंगारातच घालायची असती, तर सासऱ्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी काम झालं असतं. वर आज बायकोच्या शिव्याही खाल्ल्या नसत्या. आयुष्यभराचा सराव असून त्यांना एकही डाव सापडेना, आणि त्यांना स्वतःचीच फार लाज वाटली.

"फोन ठेव," ते म्हणाले. "बोल्ट मी तोडलाय."

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाबा, यांना वाचवायला तुम्ही खोटं बोलताय?"

"अगं, खरंच मीच! दुपारी. पाइप लावून."

"पुरे. मला कळतं." तिचे डोळे भरून आले. "माझ्या लग्नापासून आज पहिल्यांदा तुम्ही यांची बाजू घेतलीत." तिने फोन पर्समध्ये टाकला. "दोघं मिळून करणार असाल, तर राहू दे गाडी. भंगारवाल्याला मी नको म्हणून सांगते." आणि डोळे पुसत ती चहा ठेवायला आत गेली.

जावयाने बोल्टच्या उरलेल्या खुंटावर एक नट ठेवून पाहिला. "हा वेल्ड करून घेतला की खुंट बाहेर येईल," तो म्हणाला. "जरा टॉर्च धरता?"

सासरेबुवांनी टॉर्च धरला. बराच वेळ नीट धरला.

"जावई, मी तोडला हे तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

जावयाने मान वर केली नाही. "बोललो असतो, तर तुम्ही म्हणाला असता, चोराच्या उलट्या बोंबा."

सासरेबुवांनी टॉर्च आणखी जवळ धरला. ते अगदी हेच म्हणाले असते.